‘आणि पार्टी’

कोरोनाच्या साथीनंतर सरकारनं कलावंतांसाठी मदत जाहीर केली आणि सरकारी ऑफिसात अर्ज तपासणाऱ्या वर्षालीच्या टेबलावर ढीग साचला. पुरावा जोडलेला नसला की ती ‘अपात्र’ लिहून मोकळी व्हायची. काळेवाडीच्या शालनबाईंच्या अर्जावरही तिनं तेच लिहिलं असतं. पण घरी जाऊन चौकशी करायचा आदेश होता, म्हणून ती गेली.

दहा बाय दहाची खोली. शालनबाईंचे पती, शाहीर कोंडीराम, कोरोनात गेले आणि त्यांचं कलापथक पांगलं. तेव्हापासून बाई एकट्याच होत्या. दूधवाला सोडला तर दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही, असं त्या सहज बोलून गेल्या. वर्षालीनं पुरावा मागितला, तेव्हा त्यांनी जपून ठेवलेली जयंतीच्या कार्यक्रमांची पत्रकं पुढं केली. प्रत्येकावर छापलं होतं, ‘शाहीर कोंडीराम आणि पार्टी’.

“यात तुमचं नाव कुठं आहे?”

“त्या पार्टीत मी हाय की.”

शाहिरांच्या मागं उभं राहून त्या झील धरायच्या, त्यांची ओळ उचलून धरायच्या. मग थोडं गाऊन दाखवा, असं वर्षाली म्हणाली. शालनबाईंनी नकारार्थी मान हलवली.

“झील एकटीनं कशी धरू, ताई? पुढं गाणारं कुणीतरी पायजे ना.”

वर्षाली ऑफिसात परतली, पण ‘अपात्र’ लिहायला तिचा हात धजेना. बाईंच्या बोलण्यात पथकातल्या ढोलकीवाल्या ज्योतीरामचं नाव आलं होतं. तो आता चाकणच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन होता. ती त्याला जाऊन भेटली आणि अडचण सांगितली.

“मॅडम, शाहीर दोन-दोन तास गायचे. मागं वहिनी होत्या, म्हणून त्यांना श्वास घ्यायला सवड मिळायची. छापणाऱ्यानं नाव गाळलं, म्हणून तुम्हीपण गाळणार का?”

वर्षालीला आपलीच लाज वाटली. तिनं त्याचा लेखी जबाब घेतला आणि अर्जावर ‘पात्र’ लिहिलं. अशा कलावंतांना सरावासाठी आठवड्यातून एकदा शाळेचा वर्ग मिळावा, अशी टिपणीही तिनं वर पाठवली.

सुट्टीच्या दिवशी ज्योतीराम ढोलकी घेऊन काळेवाडीत आला. त्यानं पहिली ओळ घेतली. शालनबाईंच्या तोंडून दोनदा आवाजच निघाला नाही. तिसऱ्यांदा निघाला! दारात उभ्या असलेल्या वर्षालीनं डोळे पुसले.

अर्ज मंजूर झाला. वर्ग मिळायला मात्र चार महिने लागले. आता दर रविवारी तिथं पाच-सहा जण जमतात. बाकीचे सहा दिवस शालनबाईंची खोली अजूनही शांतच असते.

वाचकहो, सरकारची मदत हा कलावंताचा हक्क आहे, तो उपकार नव्हे. ती वेळेवर आणि मानानं मिळायलाच हवी. पण गाणं जगायला सोबत लागते, ऐकणारं माणूस लागतं. ते कुठल्याही योजनेत बसत नाही. ते आपण व्हायचं असतं.