बांधलेला रुमाल

गिरधरभाईला कागद सापडला नाही असं आजवर एकदाच झालं, आणि ते नेमकं रूपलीबाईच्या वाट्याला यावं, याला काय म्हणावं!

आश्रमशाळा चालवणाऱ्या एका संस्थेचं नंदुरबारला मुख्य कार्यालय आहे. नाव कशाला घ्या, नाव घेतलं की माणसं अंगावर येतात. गिरधरभाई तिथला हेडक्लार्क. तापीकाठचा गुजर माणूस, शेती भावावर सोडून तीस वर्षं कागदांत रमलेला. वर्ष संपलं की त्या वर्षाचं टपाल लाल कापडात बांधायची, वर चिठ्ठी लावायची आणि कपाटात ठेवायची, ही त्याची रीत. त्या गाठोड्याला कचेरीत रुमाल म्हणतात. कोणी काही मागितलं की भाई क्षणभर डोळे मिटायचा, उठून नेमका रुमाल ओढायचा, आणि चहा गार व्हायच्या आत कागद टेबलावर हजर. रूपलीबाईचा दहा वर्षांपूर्वीचा नेमणुकीचा आदेश त्यानं असाच काढून दिला होता.

पुढे टपाल ईमेलवर यायला लागलं. भाईनं तिथंही आपली रीत सोडली नाही. दर एकतीस मार्चला वर्षभराच्या मेल कॉम्प्युटरवरच एका वेगळ्या फायलीत हलवायच्या, तिला ‘रुमाल २०२१-२२’ असं त्या त्या वर्षाचं नाव द्यायचं, आणि मेलच्या प्रोग्राममधून ती फाईल बंद करून टाकायची. झाली गाठ मारून! सगळे हसायचे, पण भाईला त्याशिवाय वर्ष संपल्यासारखं वाटायचं नाही.

आता रूपलीबाई. मूळची मणिबेलीची. गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, मग धडगावच्या वरच्या अंगाला संस्थेच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागली. यंदा सलग दहा वर्षं भरलेल्यांना कायम करायचं ठरलं. बाईचं वय सत्तावन्न. कायम झाली तर म्हातारपणी पेन्शन, नाहीतर वर्षभरानं रिकाम्या हातानं घरी, आणि घर तरी कुठलं? सगळ्या महिन्यांची हजेरी मिळाली, फक्त जून २०२१ची नाही. एक महिना तुटला की दहा वर्षं मातीत.

आणि महिना तरी कोणता! कोरोनानं शाळा बंद, बाकीचे घरी बसलेले, आणि ही बाई पाड्यापाड्यावर पोरांचा शिधा डोक्यावरून पोचवत होती. मुख्याध्यापक जामसिंग सरांनी रेंज मिळेल त्या टेकडीवर चढून, एरवी कागदावर येणारी तिची हजेरी मुख्य कार्यालयाला मेल केली होती. सर पुढे वारले, शाळेतलं मस्टर वाळवीनं खाल्लं. उरली ती फक्त मेल.

वीस मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत यादी वर पाठवायची होती. भाई सकाळीच कंबर कसून बसला. संस्थेचे सचिव भूपेशदादा, संस्थापकांचे चिरंजीव, हसून म्हणाले, "भाई, कॉम्प्युटरवर नाव टाका. दोन सेकंदांचं काम."

भाईनं नाव टाकलं. काही आढळलं नाही. कालच आलेल्या मेलमधला शब्द टाकला, तीही आढळेना. मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या धीरजला बोलावलं.

"काका, यानी सूची तुटेल शे," धीरज म्हणाला. "मशीन दर टाइमले सगळी टपाल वाचत नही. एकदाव वाचीसन सूची करस, मंग सूचीमाच शोधस. आते नवी कराले लागी. सगळी टपाल आठेच शे ना?"

"आठेच शे. कोठे जाई?" भाई म्हणाला.

खोटं नव्हतं. टपाल होतं तिथेच, त्याच मशीनमध्ये. पण ज्या गाठी मारल्या होत्या त्या सोडल्याशिवाय हे यंत्र आत डोकावत नाही, हे धीरजला विचारायचं सुचलं नाही आणि भाईला सांगायचं. कपाट बंद असलं तरी खोलीतच असतं, असा त्याचा हिशेब.

मशीन वाचत बसलं. बाहेरच्या मिरचीबाजारातून ठसका येत होता आणि पडद्यावर उरलेल्या मेलचा आकडा उतरत होता. भाईनं डबासुद्धा उघडला नाही. सव्वाचारला काम संपलं. कालची मेल चटकन सापडली. धीरजनं टाळी वाजवली. मग रूपलीबाई, जामसिंग, जून, हजेरी, सगळे शब्द टाकून झाले. काही आढळलं नाही.

मशीन आता दुरुस्त झालं होतं ना, मग शंका कोण घेणार? भूपेशदादांनी कागद पुढे केला: सर्व अभिलेख तपासले, हजेरी आढळून आली नाही. भाईनं सही केली. यादी गेली, तिच्यावाचून.

एकतीस मार्चला दुपारी भाई यंदाचा रुमाल बांधायला बसला. नाव कसं दिलं होतं ते बघावं म्हणून त्यानं २०२१-२२ची जुनी फाईल उघडली. मेलची लांबच लांब रांग समोर आली, आणि मधोमध जामसिंग सरांची मेल. ‘जून हजेरी, रूपलीबाई, पूर्ण महिना.’ अरे देवा, आपणच बांधला होता की!

तो तसाच धावत सचिवांच्या खोलीत गेला आणि मेल सापडल्याचं सांगितलं.

"भाई, बसा," भूपेशदादा शांतपणे म्हणाले. "यादी मंजूर झाली. आता हे काढलं तर पहिला प्रश्न तुमच्या सहीवर. सगळं तपासलं म्हणून लिहून दिलंत ना? तुमची निवृत्ती मे अखेर. तुमची स्वतःची पेन्शन अडकवून घ्यायची आहे का? बाईचं पुढच्या यादीत बघू."

"पुढची यादी कधी?"

"निघेल तेव्हा."

भाई परत येऊन खुर्चीत बसला, तर दारात रूपलीबाई. पहाटेच्या जीपनं निघालेली, अंगभर घाटाची धूळ. डोंगरातली बाई, सचिवांनाही तू म्हणायची. तिनं भगरीची पिशवी टेबलावर ठेवली.

"भाऊ, माझा कागद मिळाला का?"

मेल समोर उघडी होती. पडदा त्याच्याकडे होता आणि तिच्याकडे नुसती पाठ.

"मशीनला नाही सापडला, बाई," तो म्हणाला.

ती चक्क हसली. "मशीनला काय माहीत? ते मला ओळखतं का? तू शोध ना. तुला तर सगळं सापडतं."

सांग ना रे बाबा, एवढंच तर सांगायचंय, भाईचा जीव आतून ओरडत होता. पण समोर मे महिना दिसत होता आणि ती सही दिसत होती.

"तू हातानं शोधलं का?" तिनं पुन्हा विचारलं.

"शोधलं," भाई म्हणाला आणि त्यानं ती फाईल बंद केली. "नाही सापडलं."

रूपलीबाईनं मान हलवली. ना रडली, ना भांडली.

"तू शोधलं ना, मग नसेलच," ती म्हणाली, आणि परतीची जीप चुकेल म्हणून लगबगीनं पायऱ्या उतरून गेली.