आडवी काटी

माघ सरला की पैठणच्या धरणाचं पाणी हळूहळू मागं हटतं आणि मैलोन्‌मैल सपाट जमीन मोकळी करून जातं. ना चढ, ना उतार. ना ट्रक, ना रिक्षा, ना हॉर्न. रविवारी सकाळी शहरातली माणसं गाडीच्या पाठीवर सायकली बांधून इथं येतात ती जरा मन शांत करायला. प्रमोदिनीबाईही आल्या होत्या, पण शांत कसं व्हायचं हे त्यांच्या मनाला कुणी शिकवलंच नव्हतं. पाच मिनिटांत त्यांनी सात वेळा मागं वळून बघितलं आणि आठव्यांदा बघताना त्या स्वतःच पडता पडता वाचल्या.

"अहो, येताय ना?"

"येतोय," मागून हेमचंद्ररावांचा आवाज आला. "पडलो तर कळवीन."

बाईंना या थट्टेचा भयंकर राग यायचा. तीस वर्षं हा माणूस सायकलवरून कोर्टात गेला. पक्षकार मोटारीतून यायचे आणि वकील सायकलवरून, हा त्यांचा मोठा अभिमान. मग काचबिंदूनं डोळ्यांच्या कडा खाल्ल्या. समोरचं स्वच्छ दिसायचं, आजूबाजूचं गायब. दिवाळीनंतर एका रिक्षानं त्यांना कोपरापाशी घासलं, तेव्हा बाईंनी सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली पदरात बांधली. चार दिवस नवराबायको एकमेकांशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी वकिलांनी तडजोड मांडली. माघानंतर धरणाचं पाणी हटलं की, जिथं एकही वाहन नाही अशा त्या जमिनीवर तीन रविवार सायकल चालवायची. एकदाही पडलो नाही तर सायकल माझी. पडलो, तर मी स्वतःच्या हातानं ती कुणाला तरी देऊन टाकीन आणि पुन्हा नाव काढणार नाही.

दोन रविवार सुखरूप गेले होते. आजचा तिसरा.

खरं सांगायचं तर बाईंना काय हवं होतं, ते त्यांचं त्यांनाही धड सांगता आलं नसतं. नवरा पडू नये म्हणून त्या देवाला विनवत होत्या, आणि ही सायकल एकदाची घरातून जावी म्हणूनही त्याच देवाला विनवत होत्या. देवानं नक्की काय करायचं?

पुढं वाट दुभंगली होती. एक फाटा उजवीकडं बांधावर चढत होता, दुसरा सरळ पाण्याकडं जात होता. सरळ वाटेवर बाभळीची भलीमोठी काटी आडवी पडलेली होती, बोटबोट लांब काट्यांची. बाई सायकलवरून उतरल्या. कुणी टाकलं हे मधेच? यांचं चाक पंक्चर झालं म्हणजे? काट्यावर तोल गेला म्हणजे? पदर खोचून त्यांनी ती काटी ओढत नेली आणि पार बाजूच्या खड्ड्यात ढकलली. एक काटा तळहातात मोडला. तो दातांनी काढून त्या थुंकल्या, वाट स्वच्छ झालेली बघून त्यांना बरं वाटलं.

उंचावरून नीट नजर ठेवता येईल म्हणून त्या बांधावर चढल्या. हेमचंद्रराव सावकाश आले. फाट्यापाशी थांबले, समोर बघितलं आणि सरळ निघाले. बाईंनी हात हलवला, हाकही मारली, पण वारा उलटा होता आणि बांधाकडची बाजू त्यांच्या डोळ्यांच्या हिशेबात नव्हतीच. असू दे, बाईंनी मनाशी म्हटलं, खालची वाटही सपाटच आहे. त्या वरून त्यांच्या बरोबरीनं चालवू लागल्या. खाली हेमचंद्रराव काहीतरी गुणगुणत असावेत, त्यांची मान तालावर हलत होती. कित्येक महिन्यांत बाईंनी त्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं.

आणि पुढचं चाक खाली गेलं.

जमीन वरून वाळून पापुद्रा धरून होती, आत लोण्यासारखा गाळ. सायकल उभी रुतली आणि वकीलसाहेब हँडलवरून पुढं जाऊन दोन्ही हातांवर आपटले. उठायला गेले तर गुडघ्यापर्यंत आत. आणखी धडपडले तर मांडीपर्यंत.

"हलू नका!" बाई बांधावरून धावत सुटल्या. काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, नुसत्या "अहो, अहो" करत होत्या.

पलीकडं गाळपेराच्या मक्यात एक म्हातारी विळा घेऊन उभी होती. पाणी हटलं की ओल्या गाळात पेरायचं आणि पाणी परत यायच्या आत काढायचं, अशी इथली शेती. ती वैरणीच्या दोन पेंढ्या काखेत मारून आली आणि त्या तिनं चिखलावर फेकल्या.

"साहेब, पाय वढू नका, लईच रुतताल. पेंढीवर छाती टाका. आडवं व्हा आडवं!"

साहेब आडवे झाले. म्हातारीनं एक हात धरला, बाईंनी दुसरा. थोड्या वेळानं हेमचंद्रराव कोरड्या जमिनीवर बसले होते, कमरेपर्यंत काळे, एक चप्पल गमावून. लागलं काही नव्हतं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

म्हातारीचं नाव सरूबाई. सायकलही तिनंच ओढून काढली आणि मग तिला राग आला.

"काल म्हैस रुतली व्हती इथं, चौघांनी काढली. म्हून सकाळच्यालाच काटी आडवी टाकली म्या. काटी आडवी म्हंजी वाट बंद, लेकराला बी कळतं. कुन्या मुडद्यानं काढली?"

बाईंनी तोंड उघडलं. पण हेमचंद्रराव आधी बोलले.

"कुणी काढली नसेल हो सरूबाई. असेल तिथंच. मलाच दिसली नसेल."

"येवढी मोठी काटी, साहेब?"

"हो, एवढी मोठी. अगदी समोर." ते चिखलाच्या हातांकडं बघत होते. "म्हणजे आता समोरचंही गेलं." आवाज एकदम साधा होता, निकाल वाचून दाखवावा तसा. "तुमच्या घरात कुणी सायकल चालवतं का हो? घेऊन जा ही. चांगली आहे. ब्रेक परवाच बदललेत."

सरूबाईनं प्रमोदिनीबाईंकडं बघितलं.

वर्षभर ज्याच्यासाठी प्रमोदिनीबाई रात्र रात्र तळमळल्या, ते न मागता पदरात पडलं होतं. आता रविवार नाहीत, रिक्षा नाहीत, मागं वळून बघणं नाही. नुसतं गप्प बसायचं होतं. इतकी शांतता त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती अंगाला नुसती बोचत होती. समोर त्यांचा नवरा, जो भर कोर्टात कुणाचं ऐकायचा नाही, सायकलच्या घंटीवरचा गाळ अंगठ्यानं पुसत होता. त्याला वाटत होतं आपण आंधळे झालो.

"मी काढली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काटी. मी काढली. तुमचं चाक पंक्चर होईल म्हणून. खड्ड्यात टाकली." तळहात त्यांनी पुढं केला. काट्याच्या जागी रक्ताचा ठिपका होता. "तुम्ही आलात तेव्हा वाटेवर काही नव्हतंच."

"आगं बाई!" सरूबाई म्हणाली आणि तिनं कपाळावर हात मारला.

हेमचंद्ररावांनी त्या तळहाताकडं बघितलं. बाईंना वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

"प्रमोदिनी, बैठकीतलं स्टूल कुठं गेलं?"

"माळ्यावर टाकलं."

"आणि दारातली तुळशीशेजारची कुंडी?"

"शेजारच्या द्वारकाबाईंना दिली. तुम्ही अडखळाल म्हणून. सगळं तुम्ही अडखळू नये म्हणूनच…"

"मला सांगायचं होतंस." त्यांचा आवाज आता मात्र हलला. "चार महिने मी घरात हात पुढं करून चालतोय. स्टूल होतं तिथं स्टूल दिसत नाही. कुंडी होती तिथं कुंडी दिसत नाही. म्हटलं, संपलं आता, मधलंही जायला लागलं. डॉक्टरांकडं जायची हिंमत होईना. तुला बोललो नाही, तू घाबरशील म्हणून."

बाईंना रडू आलं, ते त्यांनी दाबलं नाही. सरूबाई पाण्याचा हंडा घेऊन आली आणि सायकलच्या चाकांवर ओतू लागली.

"मी पडलो," हेमचंद्रराव म्हणाले. "ठरल्याप्रमाणं सायकल गेली."

"पाडलं मी," बाई नाक पुसत म्हणाल्या. "ते धरायचं नाही."

परतताना ते सायकलवर बसून पुढं निघाले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. "तू मागं राहा," एवढंच म्हणाले, "आणि हाक मारू नकोस." बाई मागं राहिल्या. शंभर पावलांवर वाटेत एक धोंडा होता, चांगला नारळाएवढा. बाईंना तो लांबूनच दिसला. हाक ओठांपर्यंत आली, त्यांनी दातांखाली पदर धरला. हेमचंद्रराव धोंड्याच्या अगदी जवळ गेले, इतके जवळ की बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते डावीकडून वळसा घालून पुढं गेले होते. पुढं आणखी धोंडे होते, आणि गाडीपर्यंतची वाट अजून अडीच किलोमीटर होती.