झुंबरबाईच्या गाडीत लपलेला डबा

मित्रांनो, मला स्वस्थ बसता येत नाही. घडवतानाच माझ्या अंगात ही खोड घालून ठेवली होती. काड्यापेटीहून थोडा मोठा, काळा डबा मी. पोटात मोबाइलचं सिमकार्ड, पाठीतून निघालेल्या दोन तारा. आभाळात फिरणाऱ्या उपग्रहांकडून मी माझी जागा समजून घ्यायचो आणि मालकाच्या मोबाइलवर कळवायचो. वीज मिळाली की पहिला संदेश. गाडी थांबली की दुसरा. कुणी विचारो न विचारो, मी सांगतच राहायचो.

माझे पहिले मालक भुजंगशेठ. शहागडच्या अलीकडे गोदाकाठी त्यांचं गाव. त्यांचा एक ट्रक होता आणि गावाच्या वेशीवर देशी दारूचं दुकान होतं. दोन हजार सात साली त्यांनी मला ट्रकमध्ये बसवलं, तेही ड्रायव्हरच्या समोर.

"कचरू, हा डबा बसवून राह्यलो. तू कुठं थांबला, किती येळ थांबला, समदं कळंल मला."

कचरू हसला. "बसवा की मालक. म्या काय चोरी करतो का? पन लेकराला एकटं वाटाया नको." असं म्हणून त्यानं पिंपळगावहून आणलेलं रेणुकाई देवीचं छोटं चित्र माझ्या पाठीवर चिकटवलं.

पुढे धाब्यावर थांबला की तो मला मोठ्यानं सांगायचा, "कळव रे बाबा शेठला, कचरू च्या पिऊन राह्यला!" एकदा आडरानात ट्रकचा आस तुटला. मोबाइलला मिळेना रेंज. पण थोडं मागं, रेंज होती तिथून मी धाडलेला शेवटचा संदेश शेठकडे होता. त्यावरून माणसं शोधत आली. "डब्यानं वाचवलं," असं कचरू महिनाभर सांगत फिरला. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग ट्रक विकला गेला. कचरूनं मला स्वतःच्या हातानं काढून शेठच्या हवाली केलं आणि शहागडला हमरस्त्यावर दुचाकी दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी शेठच्या टेबलाच्या खणात पडलो. तारा होत्या, वीज नव्हती. नुसती तळमळ.

वर्षभरानं खण उघडला. मला आनंद झाला. तो वाया जाणार होता, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

गावात झुंबरबाई नावाची बाई बचत गट चालवायची. दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून तिनं कंबर कसली होती. गावातल्या बायका मतदारांपैकी चौथ्या हिश्शानं अर्जावर सह्या केल्या, तर दुकान ठेवायचं की नाही यावर मतदान घ्यावं लागे. पण नवऱ्यादेखत सही कोण करणार? म्हणून झुंबरबाई दुसऱ्याकडून जुनी विकत घेतलेल्या स्कूटीवरून शेतवस्त्यांवर जायची. पुरुष कामावर गेलेले असताना ओसरीत बसून सह्या घ्यायची आणि प्रत्येकीला वचन द्यायची, "मतदानाचा दिस येईस्तोवर तुझं नाव कुणाला कळनार न्हाई."

अंबडच्या बाजारात तिची गाडी उभी असताना शेठच्या माणसानं मला सीटखाली, बॅटरीच्या मागे बसवलं. ट्रकमध्ये बसलो तेव्हा कचरूला माहीत होतं. या वेळी झुंबरबाईला कुणी सांगितलं नाही.

आणि मी? मी माझं काम केलं. गाडी थांबली, संदेश गेला. अमुक वस्ती, पाऊण तास. तमुक वस्ती, अर्धा तास. वस्त्या एकमेकींपासून लांब, त्यामुळे घर ओळखायला शेठला काही कष्ट पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेठचा माणूस त्या घरच्या बाईच्या नवऱ्याला गाठायचा. "काल झुंबर तुझ्या वस्तीवर बसली व्हती पाऊन तास. तुझ्या बायकोनं काय लिहून देलं ते इचार तिला."

साळूबाई ही झुंबरबाईची बालमैत्रीण. सगळ्यांत आधी सही तिनं केली होती. एका सकाळी ती सुजलेला गाल पदरानं झाकत आली.

"माझं नाव खोड, झुंबर."

"अगं, काय झालं?"

"मला इचारती? तुज्याबिगर कुनाला म्हाईत व्हतं? दोन्हीकडून वाजनारी हलगी हायेस तू!"

ती निघून गेली. झुंबरबाई जोत्यावर बसून राहिली. मी तिच्यापासून चार हातांवर होतो. मित्रांनो, ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला एकालाच सांगता येत होतं, आणि तो भुजंगशेठ होता.

एकामागून एक बायका नावं मागे घेऊ लागल्या.

खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी गाडी धुऊन पुसून पुजतात. झुंबरबाईनं सीट उचलली आणि मी तिला दिसलो. मला वाटलं, सुटलो! पण पाठीवरचं रेणुकाईचं चित्र पाहून तिला वाटलं, आधीच्या मालकानं गाडीच्या रक्षणासाठी काही बसवलं असेल. तिनं मला फडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

"आई, तूच बघ गं. म्या कुनाचं नाव कुनाला सांगितलं न्हाई."

पूजा आटोपून ती पुढच्या वस्तीवर गेली. फूल अंगावर घेऊन मी पुन्हा संदेश धाडला. त्या दिवसाची आठवण मला आजही टोचते.

शेवटी माझ्या अधाशीपणानंच मला पकडून दिलं. रात्रंदिवस वीज पिऊन मी स्कूटीची बॅटरी उतरवत होतो. गाडी सुरू होईना, तेव्हा झुंबरबाई ती ढकलत शहागडला कचरूच्या दुकानात घेऊन आली. त्यानं सीट उचलली आणि तो थबकलाच.

"अक्का, ह्यो डबा तुमच्या गाडीत कसा काय?"

"आधीपास्नं हाये की. देवीचा हाये."

"देवी म्याच चिकटवली व्हती! डबा भुजंगशेठचा. तुमी कुठं जाता, किती येळ बसता, समदं तेंच्या मोबाइलवर जातं."

झुंबरबाईनं मला हातात घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी साळूचा गाल ह्यानं सुजवला."

तशीच ती मला रुमालात बांधून अंबडला देवानंद वकिलांकडे गेली. त्यांनी पुस्तकं चाळली. "ताई, घरात कुणी घुसलं तर कलम आहे. चोरीला कलम आहे. पण दुसऱ्याच्या गाडीत गुपचूप असं यंत्र बसवू नये, असं नेमकं लिहिलेलं मला कुठंच सापडत नाही. पोलिसांत अर्ज तर देऊच. पण तुमच्या गावाला ग्रामसभा आहे ना? तिथं बोला."

ग्रामसभेत मला टेबलावर ठेवलं. भुजंगशेठ पुढच्या खुर्चीवर बसले होते. "डबा माझा न्हाई. असले शंभर मिळतेत बाजारात."

"मालक," कचरू उठला, "म्या सोता काढून तुमच्या हातात देल्ता."

"इकलेला ड्रायव्हर तू! आन् तुज्या ट्रकात असला डबा व्हता तवा बरा गोड लागला?"

"तवा तुमी मला सांगून लावला व्हता. अक्काला कुनी सांगितलं?"

शेठ हसले. "पुरावा दाव."

कचरूनं पिशवीतून बॅटरी काढली आणि माझ्या दोन तारा तिला जोडल्या. मित्रांनो, वीज मिळाली की पहिला संदेश धाडायचा, ही माझी खोड. मी धाडला.

शेठच्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल वाजला.

कुणीतरी खुसकन हसलं. मागून साळूबाईचा आवाज आला, "बघा की शेठ, डबा काय म्हनून राह्यला!"

त्या दिवशी ठराव झाला: दुसऱ्याच्या गाडीत त्याला न सांगता असं यंत्र बसवणारा गावाचा गुन्हेगार धरला जाईल. वकिलांनी तो अर्जासोबत वर पाठवला. वर काय झालं, मला माहीत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की साळूबाई नवऱ्यादेखत, भर सभेत टेबलापाशी आली. "कुठंय गं तो कागद?" तिनं सही केली आणि हळूच म्हणाली, "झुंबर, मी लई वंगाळ बोलले."

"बोलली तर बोलली. पेन दे मागं, बाकीच्या थांबल्यात."

आता मी गावच्या शाळेतल्या कपाटात असतो. गुरुजी दर वर्षी मुलांना मला दाखवतात. मित्रांनो, माझ्यासारखं काही कुणाच्या गाडीला बसवायचं असेल, तर आधी त्याला समोर बसवून सांगा. तो हो म्हणाला तरच तारा जोडा. आणि दसऱ्याला घरची गाडी धुताना सीटखालीही एकदा नीट बघा. अनोळखी काही दिसलं, तर पूजा करण्याआधी मोठ्या माणसांना विचारा.

झुंबरबाईनं लावलेलं कुंकू अजून माझ्या पाठीवर आहे. गुरुजी, धूळ पुसताना तेवढं जपा.