आशीर्वाद कोणाच्या नावे

सासूबाईंनी मरायची तयारी अगदी टापटीप केली होती. कोणतं गीत म्हणायचं आणि त्यातली कोणती कडवी गाळायची, कोणाला आधी कळवायचं आणि कोणाला मुद्दाम उशिरा, हे सगळं सुनेला पाठ होईपर्यंत सांगून झालं होतं. राहिली होती फक्त भीती. तिची व्यवस्था काही केल्या लागत नव्हती.

"देव दिलेला शब्द मोडतो का गं?" त्या विचारायच्या. जन्मभर चर्चच्या पाळकाची बायको म्हणून दुसऱ्यांच्या उशाशी बसून "छे, कधीच नाही" असं ठासून सांगणाऱ्या याच बाई.

"नाही मोडत, आई."

"मग त्यांना दिलेला कसा मोडला?"

ते म्हणजे कोण, हे सुनेला ठाऊक होतं. ज्या इमारतीत आता उपासना व्हायची, ती आधी यहुदी लोकांचं प्रार्थनागृह होती. ते एकेक करून परदेशी गेले, शेवटच्या दोन घरांनी इमारत इथल्या ख्रिस्ती मंडळीला विकली आणि निघताना झाडून दिली. दाराच्या चौकटीवर त्यांनी लावलेल्या कसल्याशा नळीची तिरपी खूण राहिली होती. कितीही रंग दिला तरी ती वर यायची. सासूबाईंची खोली उपासनागृहाला लागूनच होती. मधलं दार उघडं ठेवलं की पलंगावरून अख्खी उपासना ऐकू यायची.

या मंडळीत शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची एक खास पद्धत होती. ती घालून दिली सासऱ्यांनी, म्हणजे जुन्या पाळकांनी. त्यांचं म्हणणं असं, की देवाने जुन्या लोकांना, म्हणजे यहुद्यांना, बाजूला सारलं आणि वारसा मंडळीकडे आला. म्हणून वाचताना आशीर्वादाच्या ओळीत "इस्राएल" हे त्या लोकांचं शास्त्रातलं नाव आलं की वाचणाऱ्याने "मंडळी" म्हणायचं. शाप किंवा खडसावणी आली की मात्र "इस्राएल" जसंच्या तसं. म्हणजे जमा सगळी आपल्या नावावर आणि बाकी मागच्या मालकाच्या. इतका सोयीचा वारसा कोर्टातही मिळत नाही. पण रविवारमागून रविवार गेले, लोकांच्या जिभांना वळण पडलं, आणि यात काही अदलाबदल आहे हेसुद्धा कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पुढच्या बाकावर बसणारे आमेनकाका तर "मंडळी" शब्द कानावर पडला की डोळे मिटूनच "आमेन!" असं गरजायचे. बाकीच्या वेळी ते डुलक्या घ्यायचे, असं वाईट बोलणारे बोलत.

आजार वाढला तशा सासूबाई एके दुपारी म्हणाल्या, "ते येऊन बसतात गं. मागच्या बाकावर."

"कोण?"

"ज्यांचं होतं ते. बोलत नाहीत. नुसते आपलं नाव यायची वाट बघतात."

सुनेच्या अंगावर काटा आला, कारण हे तिलाही जाणवलं होतं आणि तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. ती दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायचं काम करायची. तासन्‌तास बसलेला माणूस आपलं नाव येतंय असं वाटून अर्धवट उठतो आणि नाव दुसऱ्याचंच निघालं की गुपचूप पुन्हा बसतो, ते बसणं तिला न बघता कळायचं. गेले काही रविवार शास्त्र वाचताना आशीर्वादाच्या ओळीत तिने "मंडळी" म्हटलं की मागच्या रिकाम्या बाकावरून तेच बसणं तिला ऐकू यायचं.

शनिवारी सासूबाईंनी तिचा हात धरला. "उद्या वाचणार तू ना? त्यांचं नाव घे. देवाने त्यांना सोडलेलं नाही, हे मला त्या जागेवरून ऐकायचंय. शपथ वाहून जर तो त्यांना टाकू शकतो, तर मी कोण लागून गेले?"

नवरा, म्हणजे आताचा पाळक, दारात उभा होता. "आई, भ्रम होतोय तुला."

"प्रभू जन्मला कोणाच्या घरी रे? आपल्या की त्यांच्या?"

"त्यांच्या," पाळक पुटपुटला.

"मग गप बस."

बाहेर आल्यावर तो बायकोला म्हणाला, "अगं, बाबांची पद्धत आहे. उद्या बदललीस तर खळबळ माजेल."

"भ्रम असेल त्यांना. पण प्रश्न चुकीचा आहे का? तुम्ही शिकलात ना?"

शिकला होता. देव आपली देणगी आणि आपलं बोलावणं परत घेत नाही, प्रेषिताने ते याच लोकांबद्दल लिहिलंय, आपण तर त्यांच्या झाडावर बाहेरून कलम केलेली डहाळी, असं त्याने परीक्षेत छान लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते. मग तो घरी आला आणि वडिलांच्या पद्धतीने वाचू लागला. "बघ बाई," एवढंच म्हणून त्याने काढता पाय घेतला.

रविवारी मधलं दार सताड उघडं होतं. सून वाचायला उभी राहिली. संदेष्ट्याचा उतारा होता: सूर्यचंद्राचे नियम ज्या दिवशी टळतील, त्याच दिवशी हे लोकही माझ्यापुढून टळतील, त्याआधी नाही. नाव आलं. तिची जीभ नेहमीच्या वळणाला लागलीच होती. तिने घसा खाकरून ती मागे खेचली आणि म्हणाली, "इस्राएल."

मागच्या बाकाची फळी करकरली. कोणी पूर्ण उठून उभं राहावं, तशी. सगळ्यांनी वळून बघितलं. बाक रिकामा होता.

पान उलटून ती घाईघाईने दुसरा उतारा वाचू लागली, आणि तिथे घोटाळा झाला. इतक्या वर्षांची जीभ. आशीर्वाद संपून खडसावणी आली की नाव बदलायचं, एवढंच तिला माहीत. या वेळी बदलाची सुरुवात उलटीकडून झाली होती. तिच्या तोंडून खणखणीत निघून गेलं: "मंडळी अडेल कालवडीसारखी अडून बसली आहे."

"आमेन!" काका गरजले.

कोणी हसलं नाही. काकांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, आपण कशावर शिक्का मारला ते त्यांना हळूहळू उमगलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. वेदीपाशी पाळक खाली मान घालून उभा होता. बापाची खडसावणी पहिल्यांदाच आपल्या नावाने आल्यावर पोरं उभी राहतात, तसा. मग तो हळूच म्हणाला, "तसंच राहू दे. पुढे वाच." आणि ती वाचत गेली, जे नाव लिहिलं होतं त्याच नावाने, शेवटपर्यंत.

उपासना संपताच ती खोलीत धावली. सासूबाई जाग्या होत्या.

"इतकं खडसावूनसुद्धा ठेवलंय त्याने त्यांना?"

"ठेवलंय, आई."

"आणि आपल्यालाही खडसावलं."

"चुकून झालं ते."

"होऊ दे चुकून." त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. "मग मलाही ठेवील तो."

त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं. मग महत्प्रयासाने, श्वास टाकत, एकेक करून दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. पलंगाचा पायथा मोकळा झाला.

"या," त्या म्हणाल्या. "किती वेळ उभे राहाल?"

दारात कोणी नव्हतं. सकाळपासून उभी राहून सुनेचे पाय दुखत होते आणि पायथ्याशी ऐसपैस जागा होती. तिने चादरीची सुरकुती हाताने नीट केली, आणि तिथे न बसता खाली जमिनीवर बसली.