काचनळीच्या तळाशी राहिलेलं

मी एक काचेची नळी. वीतभर उंच, अंगठ्याएवढी जाड, खाली एक तोटी. नामपल्लीच्या एका कारागिराने मला फुंकून घडवलं आणि हैदराबादच्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी आले.

माझ्या पोटात रेतीसारखे बारीक मणी भरतात. वरून मिश्रण ओतलं की हवं ते मी धरते, नको ते सोडते. मग मिठाचं पाणी ओतलं की धरलेलंही थेंबथेंब सोडते. स्वभावाने मी जरा चिवटच.

निशिगंधा इथे संशोधन करायची. तिच्या आईच्या, मनकर्णाबाईंच्या, ज्वारीच्या आंबिलीत तिला एक जिवाणू सापडला होता. तो एक छोटंसं प्रथिन बनवायचा, त्याने रोगजंतू मरायचे. ते प्रथिन वेगळं करून दाखवायचं होतं. या वेळी जमलं नाही तर विषय बंद, असं तिचे मार्गदर्शक सुधीर सर यांनी सांगून ठेवलं होतं.

तिने माझ्यात त्या जिवाणूचं मिश्रण ओतलं, मग मिठाचं पाणी; खाली उतरलेल्या पाण्याचे थेंब तिने रोगजंतू वाढवलेल्या बशीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतू माजले होते.

"काहीच नाही उतरलं, सर."

"मग नळी रिकामी करून धुऊन ठेव. नवा विषय बघू." सर रागावले नव्हते, थकले होते.

माझा जीव कासावीस झाला. ते प्रथिन सगळं माझ्याच पोटात अडकलं होतं, पण सांगणार कसं?

मणी काढायला तिने मला हातात घेतलं, तेवढ्यात आईचा फोन आला.

"आंबील पिलीस का, बाई?"

"पिले गं."

"अन् डबा? मीठपाणी घालून विसळून पी. तळाशीच चिकटून राहतंय सारं. वाया नक्को घालवू."

फोन ठेवून निशिगंधा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आधीपेक्षा कितीतरी खारट पाणी कालवलं आणि माझ्यात ओतलं. माझी पकड सुटली.

सकाळी बशीवर माझ्यातून उतरलेल्या थेंबाभोवती जंतू मरून स्वच्छ गोल कडं पडलं होतं. शेजारी नुसत्या खारट पाण्याचा थेंब होता, त्याच्याभोवती जंतू तसेच.

तिने आईला फोन लावला. "आई, तळाशीच होतं गं," एवढं बोलली आणि रडायला लागली. मलाही फार बरं वाटलं.

आता माझं काम करणारं यंत्र आलंय. माझी तोटी गळते, मी खणात कापसात पडून असते. तक्रार नाही. टाकायची वेळ आली की खुशाल टाका. फक्त त्याआधी एकदा विसळून बघा.