डाव्या कडेची पट्टी

माझ्या थोरल्या दिरांइतका चांगला माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही. त्यांच्या त्या चांगुलपणाचाच मला संताप येतो.

दोघे भाऊ घरं रंगवायचं काम करतात. माझ्या नवऱ्याचं डोकं दुखायला लागलं तेव्हा दादांनी निकाल देऊन टाकला, "थिनरचा वास. दुसरं काय?" सकाळी उठल्या उठल्या उलटी झाली, तर रात्रीचं बाधलं. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटला, तर चष्म्याचा नंबर वाढला. कारण कायम तयार. मग गिलावा ओला राहिला म्हणून पंधरवडाभर काम बंद पडलं. रंगाचा एक डबा उघडला नाही, तरी डोकं रोज सकाळी ठणकायचं, आणि खोकला आला की नवरा ते दोन्ही हातांनी दाबून धरायचा. आता कसला वास, मी विचारलं.

"तुला राईचा पर्वत करायची सवयच आहे," दादा म्हणाले. नवराही हसला. भावाचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

काम पुन्हा सुरू झालं. एकदा तो चष्मा घरीच विसरला, म्हणून मी तो द्यायला कामावर गेले. नवरा बाहेर नळावर हात धूत होता, भिंत संपवली म्हणून खुशीत. मी आत गेले. भिंतीच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत हातभर रुंद पट्टी कोरीच होती, आणि दादा तिच्यावरून गुपचूप रोलर फिरवत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"झाले दोन-तीन महिने. हळू बोल. घरमालकाला कळलं तर याचं नाव खराब होईल. याला स्वतःला कळलं तर मन मोडेल."

"आणि शिडीवरून पडला तर?"

"शिडीवर मी त्याला चढूच देत नाही."

म्हणजे दादांना सगळं दिसत होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दुपारी मी दोघांना डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "डोकेदुखी बहुतेक वेळा साधीच असते," त्या म्हणाल्या. "पण नव्याने सुरू झालेली, सकाळी जास्त, वाढत जाणारी, त्यात उलट्या आणि नजरेत फरक, असं असेल तर घरी थांबायचं नसतं. कामात काही चुका होतात का?"

"छे हो!" दादा म्हणाले.

मी तोंड उघडेपर्यंत डॉक्टर उठून नवऱ्यासमोर बसल्या. माझ्या नाकाकडे बघा, बाजूला बोट हललं की सांगा, म्हणाल्या. उजवीकडचं त्याने झटकन सांगितलं. डावीकडे बोट हललं. "हललं," तो म्हणाला, जरासा उशिरा. पुन्हा तसंच. मला नवल वाटलं, आणि मग दिसलं. दादा उठून त्याच्या मागे उभे राहिले होते, आणि बोट हललं की अंगठ्याने त्याचा खांदा दाबत होते.

"सोडा त्याचा खांदा!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरची माणसं दारात आली. कोरी पट्टी, रोलर, शिडी, सगळं मी डॉक्टरांना सांगून टाकलं. दादांनी हात काढून घेतला. डॉक्टरांनी पुन्हा डावीकडे बोट हलवलं. नवरा वाट बघत बसला.

"हलवा की," तो म्हणाला.

लगेच स्कॅन झालं. मेंदूच्या उजव्या बाजूला, मागच्या भागात गाठ होती. लवकर काढावी लागेल, कसली आहे ते काढल्यावरच कळेल, आणि नजर किती परत येईल ते सांगता येणार नाही.

"आधी आणलं असतं तर?" मी विचारलं.

"गाठ लहान असती," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, "गाडी चालवता?"

दादा त्याच्या डाव्या बाजूला होते, म्हणून ते दिसेपर्यंत त्याने मान पूर्ण वळवली.

"दादा, रोज सकाळी पोरीला मागे बसवून मी शाळेत सोडतो," तो म्हणाला. "तू फाटकात उभा राहून आम्हाला हात करतोस."