जागा आहे?

हत्तीने डोळे मिटले, सोंड वर केली, तोंड उघडलं आणि तो तसाच राहिला. सकाळपासून. माझ्या धाकट्या बहिणीच्या पहिल्यावहिल्या कार्टूनपटातली ही शेवटची शिंक होती, आणि संध्याकाळी पोरांनी भरलेल्या हॉलमध्ये ती यायलाच हवी होती.

"ताई, तुझं ते यंत्र माझा हत्ती मारणार," ती फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली.

यंत्र माझं एकटीचं असतं तर बरंच झालं असतं. आमच्या कंपनीकडे मोठा कॉम्प्युटर नाहीच. लोकांच्या घरचे रिकामटेकडे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेत, आणि चित्रं तयार करायचं काम ते आपापसांत विचारून वाटून घेतात. वर साहेब कुणी नाही. बोलणी खायला तेवढी मी.

शोधून पाहिलं तर शिंक अडकली होती आमच्याच काकांच्या कॉम्प्युटरमध्ये. त्याची डिस्क मांजरांच्या व्हिडिओंनी गच्च भरलेली. मग त्याने काम घेतलंच कसं? मी तडक त्यांचं घर गाठलं. तेवढ्यात पडद्यावर चौकट उगवली: "जागा आहे?" काकांनी कप खाली ठेवला आणि ऐटीत "हो" दाबलं.

"काका! कुठाय जागा?"

"हा काय, समोर बसलोय तुझ्या. झोपलेला दिसतोय का?"

"मग 'नाही' कधी दाबता?"

"झोपल्यावर कोण दाबणार? काहीतरीच विचारतेस."

मी कपाळावर हात मारला. मूळ प्रश्न चांगला धडधाकट होता: "डिस्कवर मोकळी जागा आहे का?" पडद्यावरचा मजकूर लिहिणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला आम्ही काटकसऱ्या म्हणतो, ते उगीच नाही. मी त्याला फोन लावला.

"किती सुटसुटीत झालाय ना?" तो खूश.

"अरे शहाण्या, वाचणारा माणूस जागाच असतो!"

"तरीच एका आजींनी लिहिलं होतं, 'जागी' असाही पर्याय ठेवा म्हणून."

त्याच्याकडून कापलेले शब्द परत लावून घेतले. चौकट पुन्हा उगवली. काकांचं बोट मात्र अडखळलं. "मदत मागायला आलेल्याला तोंडावर नाही म्हणायचं?"

"म्हणा हो काका. हत्तीचा प्रश्न आहे."

त्यांनी डोळे मिटून "नाही" दाबलं. शिंक सुटली आणि खरोखर रिकाम्या असलेल्या कुठल्याशा कॉम्प्युटरकडे गेली.

संध्याकाळी हत्ती असा काही शिंकला की पोरं हसून हसून खुर्च्यांवरून घसरली. दाराशी श्वास रोखून उभी असलेली धाकटी अंधारात चाचपडत आमच्या रांगेत आली. माझ्या शेजारी काका केव्हाचे घोरत होते.

"काका, जागा आहे?"

"आहे! आहे! जागाच आहे!" काका दचकून ओरडले.

बिचारीने विश्वास ठेवला आणि बसली ती थेट माझ्या मांडीवर. मीही तिला उठवलं नाही.